पोरांनी काढलेले फोटो वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये चढवा

जरा लांबलंय, पण जे कोणी वाचनालयाच्या कमिटीवर आहेत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

मुंबईत आमच्या नायगावात बीडीडी चाळींजवळच्या (ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळी) एका वाचनालयात रविवारी सकाळी पोरांचा फोटोग्राफीचा वर्ग चालतो. पाचवीपासून कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंतची मुलंमुली येतात, फी नाही, कॅमेरे म्हणजे लोकांनी दिलेले जुने मोबाईल, सिम काढलेले. मी तिथे मदतीला असते. सगळे कौतुक करतात, सुट्टीत प्रदर्शन लागतं, पाहुणे येतात, आणि मग फोटो कुठेतरी पेनड्राइव्हमध्ये पडून राहतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे फोटो वाचनालयाच्या दाखल रजिस्टरमध्ये चढले पाहिजेत, पुस्तकाला मिळतो तसा नंबर मिळून, कायमचे.

का, ते सांगते. बीडीडीच्या इमारती एकूण 207. वरळीत 121, नायगावात 42, ना. म. जोशी मार्गाला 32, शिवडीत 12. 1920 च्या दशकात बांधलेल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर कॉमन. शिवडी सोडून बाकी तीन ठिकाणी म्हाडाचा पुनर्विकास चालू आहे, वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या, 500 चौरस फुटांची घरं. व्हायलाच हवं होतं, मोरीत एकाच वेळी आंघोळ आणि भांडी ज्यांनी केलीत त्यांना चाळीचं प्रेम कोणी शिकवू नये. पण जे पाडलं जातंय ते आतून कसं होतं हे कुठे राहणार?

बाहेरून येणारे फोटोग्राफर खालून उभे राहून इमारत काढतात, दोऱ्यांवरचे कपडे, जिना, लांबलचक कॉमन पॅसेज. आमची पोरं खोलीत काढतात, आणि 160 फुटांत मागे सरकायला जागाच नसते, पाठ लगेच भिंतीला टेकते, म्हणून ती पोटमाळ्यावर चढून खाली बघत काढतात किंवा मग अख्खी खोली सोडून एकच कोपरा धरतात. मांडणीवरचे डबे, देव्हारा आणि त्याच्या खाली चार्जिंगला लावलेला फोन, रात्रपाळी करून आलेल्या बाबांचे नुसते पाय. एका मुलीने आपली अभ्यासाची जागा काढलीय, दार आणि कपाट यांच्या मधली, तिथे ती बसली की दार पूर्ण उघडत नाही. हे कुठल्या सरकारी सर्व्हेत येणारे सांगा.

आणि वाचनालयातच का, असं विचारतात. एकतर घरून मुलींना "वाचनालयात जाते" म्हटलं की सोडतात, दुसरीकडे कुठे पाठवताना दहा प्रश्न. दुसरं म्हणजे आमच्याकडे फोटोची प्रिंट आली की तिच्या मागे पेन्सिलीने लिहायचं, इमारत नंबर, मजला, तारीख, कोणी काढला, फोटोतल्या माणसाला विचारलं का. पेन्सिल अशासाठी की पेनाची शाई पुढच्या बाजूला उतरते. मग वहीत फोटोबद्दल लिहायचं. शाळेत निबंध टाळणारी पोरं इथे पानभर लिहितात कारण माहिती त्यांच्याकडे आहे आणि ती दुसऱ्या कोणाकडे नाही. एक मुलगा शेजारच्या आजींकडे गेला, आजी म्हणाल्या, "फोटो नको रे बाळा, बस, सांगते." त्याने फोन खिशात ठेवला आणि त्या बोलल्या ते आठवून लिहून आणलं. त्या पानालाही नंबर मिळायला हवा असं मला अगदी मनापासून वाटतं.

(या पोस्टला एकही फोटो नाही कारण पोरांचे चेहरे आणि लोकांची घरं फेसबुकवर टाकायची नाहीत हे आमचं ठरलंय.)

पालक म्हणतात अभ्यास सोडून पुन्हा मोबाईलच का. त्यांना मी वर्गाला बोलावते. एका रविवारी खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावून त्यात एक छोटं भोक ठेवलं, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उलटा उमटला, माणसं डोकं खाली करून चालतायत, टॅक्सी छतावर धावतेय. प्रकाश सरळ रेषेत जातो हे विज्ञानाच्या पुस्तकात असतंच, पण ते असं बघितल्यावर पालक पण खुर्च्या ओढून बसले. आणि मुंबईत हे काही नवीन नाही हो, 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी त्या काळात फोटोग्राफर म्हणून नावाजलेले होते. फक्त तेव्हा ते शिकलेल्या, ऐपतवाल्या घरांपुरतं होतं.

खरी अडचण कमिटीची आहे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग मिळतात आणि अनुदान त्यावर ठरतं, म्हणून तपासणीत ग्रंथ किती, वर्तमानपत्रं किती, सभासद किती याकडेच सगळ्यांचं लक्ष. फोटो कशात धरायचे म्हणून कोणी धरतच नाही. अहो, वेगळं रजिस्टर घाला ना! दोनशे पानी वही, प्रिंट ठेवायला एक लोखंडी कपाट, फाइल्स दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, त्यातली एक वाचनालयाबाहेर कोणाकडे तरी. ग्रंथपालांना नोंद कशी करायची हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, त्यांना फक्त ठराव करून द्या. आणि नंबर देताना मुलाचं नाव लेखकाच्या रकान्यात घाला, पण ते बाहेर दाखवायचं की नाही हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारून.

आमच्या कमिटीची मीटिंग या महिन्यात आहे, मी हा विषय लेखी देणार आहे. नायगाव, परळ, वरळीतल्या कोणत्या वाचनालयाने असं रजिस्टर आधीच ठेवलं असेल तर त्याचे रकाने कसे आखलेत ते कमेंटमध्ये सांगा, मला अर्जाला जोडायला हवंय. आणि घरात बॅटरी टिकणारा जुना फोन पडला असेल तर मेसेज करा, रविवारी एका फोनमागे तीन पोरं थांबतात.