दिवे घरातही होते

नमस्कार. चिनी चांद्र नववर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला साजऱ्या होणाऱ्या कंदिलांच्या सणावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की हा सगळा राजदरबाराचा थाट होता, कागद, रेशीम आणि तेल जाळण्यापलीकडे त्यात काही नव्हतं आणि सामान्य माणूस नुसता बघ्या होता. शिवाय आजही जळते कंदील आभाळात सोडून रानं पेटवली जातात आणि मी सौंदर्याच्या भरात हे झाकलं, असंही तुमचं म्हणणं आहे. आक्षेप मोघम नाही, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

उधळपट्टी झाली, आणि तुम्हाला वाटते त्याहून मोठी झाली. इ.स. ६१० मध्ये चीनच्या स्वी घराण्याच्या यांग सम्राटाने परदेशी पाहुण्यांवर छाप पाडायला लोयांग शहरात पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेपासून महिनाअखेरपर्यंत रोषणाई आणि खेळतमाशे चालवले. नुसते वादकच १८,००० होते. पुढे आठ वर्षांत ते घराणं बुडालं. ७१३ साली नंतरच्या तांग घराण्याच्या दरबाराने राजधानी चांगआनच्या राजवाड्याच्या वेशीबाहेर दिव्यांचं एक चाक उभारलं. त्यावर ५०,००० दिवे होते आणि त्याची उंची आजच्या हिशेबाने साधारण साठ मीटर होती, अशी नोंद आहे. उंचीचा आकडा मला फुगवलेला वाटतो, खर्चाबद्दल मात्र शंका नाही.

पण सामान्य माणूस बघ्या होता, हे मला मुळीच मान्य नाही. यांग सम्राटाच्या वडिलांच्या काळात ल्यू यू नावाच्या अधिकाऱ्याने या रात्रीवर बंदी घाला असा अर्ज केला होता. त्याची तक्रार दरबाराबद्दल नाही, लोकांबद्दल आहे. लोक एका रात्रीपायी घरातली पुंजी संपवतात, ढोलांनी आभाळ दणाणून सोडतात, मशालींनी जमीन उजळून टाकतात, जनावरांचे मुखवटे घालतात, पुरुष बायकांचे कपडे घालून फिरतात. थोर आणि सामान्य एकत्र येतात, बायका-पुरुष मिसळतात. सम्राटाने त्याचं म्हणणं मानलंही. ल्यू यूला जे खुपलं, नेमकं त्याचसाठी मला हा सण प्रिय आहे.

त्या काळी शहरातली रात्र कशी असायची ते बघा. तांग काळातल्या चांगआनमध्ये शंभरावर पेठा होत्या आणि प्रत्येक पेठेला भिंत होती. संध्याकाळी ढोल वाजले की पेठांचे दरवाजे बंद. त्यानंतर कारणाशिवाय मोठ्या रस्त्यावर कुणी सापडलं तर कायद्याने वीस फटके. वर्षभर असंच. फक्त पहिल्या महिन्याच्या १४, १५ आणि १६ तारखेला ही बंदी उठायची. (ही पौर्णिमा म्हणजे बहुतेक वर्षी आपली माघी पौर्णिमा.) त्या तीन रात्री अख्खं शहर रस्त्यावर यायचं. पुढे सोंग घराण्याच्या सम्राटाने ९६७ साली आणखी दोन रात्री वाढवून दिल्या. मिंग घराण्याच्या काळात, १४०९ मध्ये, युंगलो सम्राटाने दहा दिवसांची सुटी दिली. दिवे सम्राटाचे असतील, पण ज्याला एरवी अंधार पडल्यावर पेठेबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, त्याच्यासाठी त्या रात्रीचा रस्ता त्याचा स्वतःचा होता.

स्त्रियांच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. सोंग काळातल्या सीमा क्वांग या इतिहासकाराची गोष्ट सांगतात. बायको कंदील बघायला निघाली तेव्हा तो म्हणाला, दिवे घरातही आहेत, बाहेर कशाला जायचं? ती म्हणाली, मला माणसंही बघायचीत. त्यावर तो म्हणाला, मग मी काय भूत आहे? नवऱ्याचं उत्तर लोकांना आवडतं, म्हणून गोष्ट टिकली. मला त्या बाईचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. मिंग आणि त्यानंतरच्या छिंग घराण्याच्या काळात उत्तर चीनकडे तर त्या सुमारास रात्री बायकांनी घोळक्याने बाहेर पडायचं, पूल ओलांडायचे आणि त्याने वर्षभराची दुखणी जातात असं मानायचं, अशी रीतच होती. बीजिंगमध्ये वेशीच्या दरवाजावरचे खिळे अंधारात चाचपायचे, म्हणजे मुलगा होतो, अशीही समजूत होती. त्यातली मुलाची हाव मला रुचत नाही. पण एरवी उंबऱ्याआत राहणाऱ्या बायकांना रात्रभर गावात हिंडायला ते कारण पुरत होतं.

आता आगीचं. उडत्या कंदिलांबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. जळती वात सोबत घेऊन कुठेही जाऊन पडणारी वस्तू कोरड्या रानावर सोडू नये, आणि त्यातली तार-बांबू गोळा करायला मागे कुणी थांबत नाही. चीनमधल्या अनेक शहरांत त्यावर बंदी आहे, ती योग्यच आहे. पण सगळ्या सणाला त्यावरून जोखू नका. या पौर्णिमेला कंदील उडवण्यासाठी प्रसिद्ध आहे तैवानमधलं पिंगशी. इंटरनेटवर फिरणारे आभाळभर दिव्यांचे फोटो पुष्कळदा थायलंडच्या चियांग माईमधले असतात आणि तो सण नोव्हेंबरच्या सुमारास येतो. एरवी कंदील टांगलेले असतात, मुलांच्या हातात असतात, त्यावर कोडी चिकटवलेली असतात. आतल्या ज्योतीच्या गरम हवेने कागदी चक्र फिरून घोडेस्वारांच्या सावल्या पळवणारा कंदीलही असतो. आगीचं खरं उदाहरण हवं तर ९ फेब्रुवारी २००९ची, याच सणाची रात्र घ्या. बीजिंगमध्ये एक नवी कोरी उंच इमारत जळाली आणि अग्निशमन दलाचा एक जवान गेला. तिथे कारण कंदील नव्हते, आतषबाजी होती.

दिखाव्याचा तुमचा आक्षेप मला आजच्या काळात जास्त लागू वाटतो. चीनच्या सिच्वान प्रांतातल्या त्सकुंग शहराचे कारागीर चिनी मातीच्या बशा आणि रंगीत पाणी भरलेल्या औषधाच्या बाटल्या बांधून अजस्र ड्रॅगन उभे करतात. त्यांच्या हातात जादू आहे. त्यांचे कंदील आता युरोप-अमेरिकेतल्या बागांमध्येही लागतात. पण अशी प्रदर्शनं बहुतेक कुंपणाच्या आत असतात, दारावर तिकीट असतं आणि ठरलेल्या वेळी फाटक बंद होतं. तिथे माणूस खरोखर बघ्या होतो. त्याबद्दल तुम्ही लिहिलंत तर मी तुमच्या बाजूने लिहीन.