परचेसवाला बदलून गेल्यावर बिल कोण भरतं?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण तिच्यातलं बरंचसं मला मान्यच आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार. माझ्या लेखाचं म्हणणं एवढंच होतं की पार्ट पुरवणाऱ्याला पिळून कंपनीने कमावलेला फायदा टिकत नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत की पुण्याजवळ भोसरीत सीएनसी (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) टाकून बँकेचे हप्ते फेडणाऱ्याला असली कीर्तनं ऐकवू नका. पेमेंट १२० दिवसांनी येतं, मार्चमध्ये डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) येते, तक्रार केली तर पुढच्या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे ऑर्डर, शून्य. सरळ धंदा करणाऱ्या शेजाऱ्याच्या गाळ्याला कुलूप लागलं आणि पिळणाऱ्या परचेस मॅनेजरला प्रमोशन मिळालं. वर टोमणा असा, की लोपेझने जीएमला (जनरल मोटर्सला) वाचवलं हे सोयीस्कर विसरलात!

मग लोपेझपासूनच सुरुवात करू. १९९१ मध्ये जनरल मोटर्सला जवळजवळ साडेचारशे कोटी डॉलरचा तोटा झाला होता. १९९२ मध्ये होसे इग्नासियो लोपेझ युरोपातून येऊन जगभरच्या खरेदीचा प्रमुख झाला. आल्या आल्या त्याने जुने करार गुंडाळले, पुन्हा कोटेशन मागवली, दोन आकडी टक्क्यांनी भाव खाली आणायला लावले. एका व्हेंडरने मेहनतीने केलेलं डिझाइन दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून ‘हेच स्वस्तात देतोस का’ असं विचारलं जायचं, अशी तेव्हाच्या पुरवठादारांची तक्रार होती. आपल्या माणसांना त्याने घड्याळ उजव्या मनगटावर बांधायला लावलं, कंपनी नफ्यात येईपर्यंत. (आपल्याकडे असं काही सुचलं असतं तर घड्याळंही व्हेंडरकडूनच मागवली असती.) अब्जावधी डॉलर वाचले असं सांगितलं गेलं, आणि त्यातले पुष्कळ खरोखर वाचलेही असतील. ते मी नाकारत नाही.

पण मार्च १९९३ मध्ये हा माणूस फोक्सवॅगनमध्ये निघून गेला. वर्षसुद्धा भरलं नव्हतं. कागदपत्रं सोबत नेल्याच्या आरोपावरून दोन कंपन्यांत जे भांडण पेटलं ते १९९७ मध्ये मिटलं. फोक्सवॅगनने दहा कोटी डॉलर रोख द्यायचे आणि सात वर्षांत किमान शंभर कोटी डॉलरचे पार्ट जीएमकडून घ्यायचे, अशी तडजोड झाली. मागे राहिलेल्या जीएमच्या वाट्याला काय आलं? चांगल्या पुरवठादारांनी नवं काही सुचलं की आधी दुसऱ्या कंपनीचं दार ठोठवायला सुरुवात केली. अमेरिकेत पार्टवाल्यांना ‘कोणासोबत काम करायला बरं वाटतं’ असं दरवर्षी विचारलं जातं. त्यात पुढे बरीच वर्षं टोयोटा आणि होंडा वर, जीएम तळाकडे. २००९ चं जीएमचं दिवाळं लोपेझमुळे निघालं असं मात्र मी म्हणणार नाही. पेन्शनचं ओझं, मंदी, चुकलेली मॉडेलं, कारणं ढीगभर होती.

आता दुसरी बाजू. १ फेब्रुवारी १९९७, शनिवारची पहाट. जपानमध्ये कारिया इथे आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे पी-व्हॉल्व्ह बनायचा: ब्रेक मारल्यावर मागच्या चाकांकडे किती दाब जाईल ते ठरवणारा, हातात मावेल एवढा पार्ट. टोयोटाचे जवळजवळ सगळे पी-व्हॉल्व्ह या एका जागी व्हायचे आणि साठा जेमतेम दोन-तीन दिवसांचा. मंगळवारपर्यंत टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाइनी थांबल्या.

तुम्ही मशीनवाले आहात, म्हणून पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. हा पार्ट दिसायला साधा, पण आत तिरकी भोकं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) घट्ट, आणि आयसिनची खास त्यासाठी बनवलेली मशीनं तर जळालेली. आयसिनने ड्रॉइंग सगळ्यांना वाटून टाकली. सुमारे दोनशे कंपन्या कामाला लागल्या, त्यांतल्या कित्येकांनी हा पार्ट कधी हातात धरला नव्हता. ब्रदर ही शिलाई मशीनवाली कंपनी, तिने आपलं मिलिंग मशीन बदलून घेऊन दिवसाला चाळीसेक नग काढायला सुरुवात केली. चाळीस! धंदा म्हणून बघाल तर शुद्ध वेडेपणा. पण असे चाळीस-चाळीस जमत गेले आणि साधारण आठवड्याभरात टोयोटाचं उत्पादन पूर्वपदावर येत चाललं. नगाला काय देणार, हे आधी ठरवत कुणी बसलं नाही. खर्च आयसिनने भरून दिला, आणि टोयोटाने आपल्या थेट पुरवठादारांना त्या तिमाहीतल्या विक्रीच्या एक टक्क्याइतकी रक्कम वर दिली, सगळी मिळून सुमारे दीड हजार कोटी येन.

हे ऐकून जपानी लोक देवमाणसं असतात असं कुणी समजू नये. २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने निसानला फटकारलं, कारण ठरलेल्या किमतीतून ३६ पुरवठादारांचे सुमारे तीनशे कोटी येन कापून घेतले होते. त्याच वर्षी जुलैत टोयोटाच्या एका उपकंपनीवर ठपका आला: वापरात नसलेल्या डाय आणि मोल्ड, म्हणजे पार्टचे साचे, पुरवठादारांच्या जागेत फुकट ठेवायला लावल्याबद्दल. तुमच्या गाळ्यातल्या रॅकवर बंद पडलेल्या मॉडेलच्या किती डाय धूळ खात आहेत, आणि त्या जागेचं भाडं कोण भरतं, ते मी विचारत नाही.

म्हणजे स्वभाव इथून तिथून सारखेच. फरक पडतो तो, हिशेब कोणाच्या कारकिर्दीत निघतो यामुळे. मी बरीच वर्षं परचेसमध्ये काढली आहेत. आमच्या वार्षिक मूल्यमापनात ठळक रकाना एकच असायचा, कॉस्ट रिडक्शन. भाव पाच टक्क्यांनी पाडला की त्या रकान्यात आकडा चढायचा. मग व्हेंडर काय करतो? टूल बदलायचं असतं तेव्हा अजून एक शिफ्ट ओढतो. हीट ट्रीटमेंटमधला (धातू तापवून कडक करण्यातला) वेळ थोडा कापतो. आधी प्रत्येक नग तपासायचा, आता पेटीतला एखादा. ड्रॉइंगप्रमाणे माल बरोबर असतो, इन्स्पेक्शनमध्ये पास होतो आणि दीड वर्षाने गिऱ्हाइकाच्या गाडीत बोंबलतो. तो खर्च वॉरंटीच्या नावावर पडतो, सर्व्हिस खात्याच्या बजेटात. तोवर भाव पाडणारा साहेब बढती घेऊन चेन्नईला गेलेला असतो. तुमच्या परचेस मॅनेजरला प्रमोशन मिळालं यात मला नवल वाटत नाही ते एवढ्यासाठी. त्याने कंपनीला फसवलं नाही, कंपनीने जे मोजलं ते त्याने आणून दिलं.

लेखात रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाची स्पर्धा होती, संगणक-प्रोग्रॅमनी एकमेकांशी ‘सहकार्य की दगा’ हा डाव पुन्हा पुन्हा खेळायचा; तिला तुम्ही ‘पोरखेळ’ म्हणालात. असेल. पण त्यात १९८० च्या सुमाराला जिंकलेली अनातोल रॅपोपोर्टची चाल काही भाबडी नव्हती: पहिल्यांदा सहकार्य, मग समोरच्याने जे केलं तेच. दगा दिला की पुढच्याच डावात परतफेड, तो सुधारला की विषय संपला. आणि या सगळ्याला अर्थ तोवरच, जोवर शेवटचा डाव कुठला ते ठाऊक नसतं. बदली जवळ आलेल्या मॅनेजरला आपला शेवटचा डाव ठाऊक असतो, आणि गरज सरो वैद्य मरो हे त्याच्या दृष्टीने चोख गणित ठरतं. तिथे तुम्ही सचोटीने वागून काही मिळवणार नाही, हे तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. अशा माणसाशी व्यवहार करायचाच असेल तर उधारी कमी, आणि जे काही ठरेल ते लेखी.

कायदा कागदावरच राहतो, असं तुम्ही म्हणता. पाण्यात राहून माशाशी वैर नको, हे समजतं. तरी दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे जात नाही, करार नसेल तर १५ दिवस. हे दिवस माल पोहोचल्यापासून मोजायचे. ‘क्वालिटीत अडकलाय’ हे फोनवर सांगून भागत नाही; पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे व्याज मागायला तुम्ही जाणार नाही, मीही गेलो नसतो. मात्र १ एप्रिल २०२४ पासून आयकरातलं ४३बी(एच) हे कलम लागू झालं, आणि सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येऊ लागला. तुम्ही तक्रार करा किंवा करू नका, टोचणी कंपनीच्या ऑडिटरला लागते. काहींनी व्हेंडरला ‘उद्यम नोंदणीच (लघु उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द कर’ असं सुचवलं, त्यावरून टोचणी कुठे लागली ते कळतं. शिवाय अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर बँकेकडून पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठावर, नोंदणी सक्तीची झाली आहे. बिल तिथे मंजूर झालं की बँक तुम्हाला लगेच पैसे देते, आणि कंपनीने पुढे बुडवले तरी तुमच्याकडे मागत नाही. नोंदणी सक्तीची आहे, तुमचं बिल मंजूर करणं नाही, ही मेख आहेच. तरी नवा रेट ठरवताना दोन टक्के कमी करून ‘बिलं ट्रेड्सवर घ्या’ असं मागून पाहा. परचेसवाल्याला त्याच्या रकान्यात टाकायला आकडा मिळतो, तुम्हाला रोख.

राहिला शेवटचा मुद्दा. ‘मी माझ्या प्लेटिंगवाल्याला (पार्टवर धातूचा मुलामा चढवणाऱ्याला) चार महिन्यांनी पैसे देतो, वरून येतील तेव्हाच खाली जातील, यात अनैतिक काय’ असं तुम्ही विचारलंत. नीतीचं राहू द्या. त्याची उद्यम नोंदणी असेल तर तो बहुधा सूक्ष्म उद्योग आणि तुम्ही त्याचे ग्राहक. ४५ दिवस तुम्हालाही लागू, आयकराचा तोच नियम तुमच्याही वह्यांना. वरच्या कंपनीचं पेमेंट अडकलंय ही सबब आयकर खातं ऐकत नाही. ३१ मार्चला त्याची किती बिलं थकलेली असतील, ते फेब्रुवारीतच तुमच्या सीएंना विचारून ठेवा.