श्वास घ्या, तारीख द्या

न्यायाधीश महोदय, अभिनंदन! तुमच्या तणावाची दखल आता थेट संयुक्त राष्ट्रांनी घेतली आहे. जुलै २०२४ मध्ये नाऊरू नावाच्या चिमुकल्या बेटावर न्यायाधीशांच्या स्वास्थ्याचा जाहीरनामा झाला आणि मार्च २०२५ मध्ये आमसभेने २५ जुलै हा त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवून टाकला. म्हणजे वर्षातून एक दिवस तुम्ही अधिकृतपणे निवांत. बाकीच्या दिवसांसाठी पुढील उपाय करावेत.

सुरुवात श्वासापासून. चार सेकंद श्वास आत, चार रोखून, चार बाहेर, चार थांबून. अशी चार आवर्तनं, एकूण ६४ सेकंद. आता ही बसवायची कुठे ते पाहू. बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या यादीत, ८० प्रकरणं धरा. अकरा ते दोन आणि अडीच ते पाच मिळून ३३० मिनिटं. त्यातला दीड तास एका साक्षीदाराच्या उलटतपासात जाईल, वीस मिनिटं निशाणी ५ वरच्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरच्या युक्तिवादात. राहिलेल्या ७८ प्रकरणांना प्रत्येकी २ मिनिटं ४९ सेकंद येतात. तेवढ्यात पट्टेवाल्याचा पुकारा होतो, पक्षकार बाहेरच्या झाडाखालून आत पोचतो, वकीलसाहेब वरच्या कोर्टात अडकलेत असं त्यांचे ज्युनियर सांगतात, मुदतीचा अर्ज येतो, त्यावर समोरच्यांचं म्हणणं येतं, हुकूम होतो, रोजनाम्यावर सही होते. राहिलेल्या वेळात खुशाल प्राणायाम करा.

फक्त डोळे मिटू नका. मिटलेत तर पुढच्या बाकावरचा कुणीतरी ‘साहेबांना डुलकी लागली’ हे बार रूमपर्यंत नेईल. मग प्रकरण दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे जाईल, त्यावर तुमचा अभिप्राय मागवला जाईल आणि तो रात्री घरी बसून लिहावा लागेल.

तहकुबीचा त्रास करून घेऊ नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नाहीत. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत यायला हवी. धनादेश न वटल्याचा खटला सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करायचा. ही कलमं सकाळी उपाशीपोटी वाचावीत आणि मग अकरा वाजता बोर्ड उघडावं. चौथी तहकुबी नाकारलीत तर बारचं शिष्टमंडळ चेंबरमध्ये येतं, दिलीत तर प्रकरण जुनं होतं आणि जुनं प्रकरण का पडून आहे याचा खुलासा तुम्हालाच करावा लागतो. दोन्ही बाजूंनी मान वळवण्याचा व्यायाम आपोआप होतो.

वाटणीचा दावा मिळाला असेल तर दीर्घकालीन ध्यानाला त्याच्यासारखं साधन नाही. चौदा प्रतिवादी असतात. पुरावा सुरू होईपर्यंत त्यातला एक वारतो. त्याचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणायचे, नाहीतर त्याच्यापुरता दावा रद्दबातल. वारस पाच निघतात. एक पुण्यात, एक सुरतेला आणि एकीचा पत्ता कुणालाच माहीत नाही. बेलीफ समन्स घेऊन जातो आणि ‘घर बंद, शेजारी म्हणतात परगावी’ असा शेरा मारून परत येतो. ताबा वॉरंटावर त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं जातं तो भाग वेगळा. न्यायाधीशांच्या तणावमुक्तीसाठी जी कार्यशाळा भरते तिच्यात त्याच्यासाठी जागा ठेवलेली नाही. दरम्यान तुमच्या कामाचं मोजमाप युनिटांत, म्हणजे निकाली काढलेल्या प्रकरणांच्या गुणांत, होत असतं. मन उदास झालं की जुना दावा बाजूला सारावा, वाहतुकीच्या कबुलीच्या केसेस घ्याव्यात आणि तास-दोन तासांत निकालाचा आकडा फुगलेला पाहावा. चौदा (आता अठरा) जणांची जमीन कुठेही जात नाही.

जपासाठी वेगळा मंत्र शोधायला नको. साक्षीदार बोलतो, तुम्ही त्याचं वाक्य नीट करून सांगता, लघुलेखक टंकतो. उलटतपासाच्या अखेरीस वकील साक्षीदारापुढे एकामागून एक आरोपवजा सूचना ठेवतात, तो त्या नाकारतो आणि तुम्ही त्याच्या वतीने दिवसभर तेच सांगत राहता: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ दिवसाला दोन साक्षीदार धरले तर वर्षाकाठी चांगली माळ होते. लघुलेखकाच्या मनगटाला जे होतं त्याला उपाय म्हणून मऊ चेंडू दाबायला द्यावा. तो कार्यशाळेच्या पिशवीत मिळतो, पेन आणि वहीबरोबर.

जेवण वेळेवर घ्या, हेही सांगायलाच हवं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार इस्रायलमधल्या पॅरोल मंडळांकडे सत्राच्या सुरुवातीला सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर होत, सत्र संपताना ते प्रमाण शून्याच्या आसपास येई आणि मंडळी खाऊन आली की पुन्हा ६५. (टीकाकारांनी नंतर दाखवलं की वकील नसलेले कैदी सत्राच्या शेवटी घेतले जात, त्यामुळे सगळा दोष भुकेचा नव्हता. पण कार्यशाळेत ही ओळ सहसा गाळतात.) तेव्हा डबा दोन वाजता उघडावाच. त्या अर्ध्या तासात सकाळचे हुकूम तपासून सह्याही करायच्या असतात, म्हणून पोळीचा रोल करून आणणं सोयीचं.

लोकांत मिसळा, मन मोकळं करा, असंही तज्ज्ञ सुचवतील. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली न्यायिक जीवनमूल्यांचा जो मसुदा स्वीकारला त्यात पदाला साजेसा अलिप्तपणा राखावा असं आहे. तुम्ही तो इतका मनावर घ्या की वकिलाच्या मुलीच्या लग्नाला जाऊ नका, स्थानिक क्लबात बसू नका, सकाळी फिरायला निघालात तर समोरून येणारा नमस्कार करील आणि तो परवाच्या मनाईतला प्रतिवादी निघेल, म्हणून निवासस्थानाच्या कुंपणाच्या आतच फेऱ्या मारा. तिथल्या गावाशी ओळख व्हायच्या सुमारास तीन वर्षं भरतात आणि बदली होते. रविवारी विश्रांती घ्यावी. अटकेपासून २४ तासांच्या आत आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचा असतो आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ला रविवार माहीत नाही, म्हणून आंघोळ लवकर उरका.

पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यात सात वर्षांच्या मुलीची साक्ष नोंदवून, शवविच्छेदनाचे फोटो निशाणीला लावून पुढचं प्रकरण पुकारायला सांगायचं असतं. त्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत ‘सकारात्मक दृष्टिकोन’ हे सत्र आहे, चहानंतर, पाऊण तासाचं. समुपदेशक नेमल्याचं परिपत्रक मात्र शोधू नये.

रडून मोकळं होण्याचा प्रयोग वरच्या पातळीवर करून झालेला आहे. २४ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत पंतप्रधानांसमोर बोलताना सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर यांचा कंठ न्यायाधीशांच्या संख्येवरून दाटून आला होता. विधी आयोगाने १९८७ मध्येच दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश मागितले होते. मंजूर पदांचा हिशेब आता कुठे २१ च्या आसपास पोचलाय, भरलेल्या पदांचा त्याहून खाली, आणि देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणं पडून आहेत. एवढ्या बेरीज-वजाबाकीपेक्षा योगाची चटई स्वस्त पडते.

तर येत्या २५ जुलैला कार्यशाळा घ्यावी. उपस्थिती सर्वांना सक्तीची ठेवावी, त्या दिवशीचं बोर्ड पुढच्या दिवशीच्या बोर्डात मिसळावं आणि अनुपालन अहवाल फोटोंसह सायंकाळी पाचपूर्वी पाठवावा. फोटो काढताना कॅमेरा खिडकीच्या बाजूने लावावा. दाराच्या बाजूने लावला तर मागची फायलींची कपाटं येतात.