पडक्या घराचा सोपा सौदा
रविवारी जेवायला बसलो की आमच्या मेहुण्यांच्या तोंडी गुहागरकडचे ते पडके घर येतेच; स्वस्तात घ्यायचे, डागडुजी करायची आणि एखाद्या मुंबईकराला दुप्पट भावाने विकायचे, इतके ते सोपे आहे म्हणे. वाशांना वाळवी लागली आहे, न्हाणीची भिंत बोट लावताच माती सोडते आणि सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून अर्धी भावकी नांदते आहे, एवढे म्हटले की मी नकारघंटा वाजवणारा ठरतो. हिशेबात मुद्रांक शुल्क आणि सुताराची मजुरी कोणी धरतच नाही, आणि २४ महिन्यांच्या आत विकल्यास नफा अल्पकालीन ठरून त्यावर नेहमीच्या दराने कर बसतो, हे सांगू लागलो की सगळ्यांना एकदम ताक हवे असते. सासूबाई ठेव मोडायला निघाल्या आहेत आणि सहकर्जदार म्हणून सही मात्र माझी हवी!