आधी तक्रार, मग आठवण

संकटात देवाचे जुने उपकार आठवले की मन लगेच शांत होतं, असं एका लेखात म्हटलंय. ते 'लगेच' काही पटलं नाही. बायबलमधलं स्तोत्र ७७ काढून बघा. ते रचणाऱ्या आसाफाला रात्रभर झोप नाही. देव कृपा करायचंच विसरला का, असं तो सरळ विचारतो. देवाने आपल्या लोकांसाठी समुद्रातून काढलेली वाट त्याला आठवते ती त्यानंतर, आणि तिथेही देवाच्या पावलांचे ठसे कुणाला दिसले नाहीत, हे तो लपवत नाही.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. त्यांच्याही आठवणीत आधी दुःखच होतं. तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावलेली ही बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुलींना घेऊन आली. केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे निराधार बायका-मुलींचा आश्रम, त्यातूनच वाढलं.

आमच्या आजीच्या बायबलच्या समासात पेन्सिलीने बारीक नोंदी आहेत. 'फीचे पैसे मिळाले', 'ताप उतरला', आणि एका ठिकाणी नुसतं 'ज्वारी संपली'. पुढे काहीच नाही. यांची नोकरी गेली तेव्हा मला धीर आला तो याच नोंदीने, का कोण जाणे. चर्चच्या उपासनेत साक्ष देणाऱ्यांनी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणाऱ्यांनी, कधीतरी असलंही काही सांगावं. आमच्या मंडळीत तरी सगळ्यांच्या साक्षी गोड शेवटाच्याच असतात!