‘अर्थसाक्षर व्हा, उधळपट्टी थांबेल’: दावा कुठे चुकतो

एक संदेश गेली काही वर्षं सतत फिरतो आहे. भारतात फक्त 27 टक्के लोक अर्थसाक्षर आहेत, म्हणून लोक कर्ज काढून खर्च करतात. शाळेपासून पैशाचं शिक्षण दिलं की प्रश्न सुटेल. आणि ज्याला व्याजाचं गणित कळतं तो क्रेडिट कार्ड, नो-कॉस्ट ईएमआय (बिनव्याजी म्हणून दिले जाणारे मासिक हप्ते) वापरून उलट फायद्यात राहतो. हेतू चांगला असेल, पण यातलं एकेक विधान सुटं करून तपासलं तर टिकत नाही. शिवाय कर्जात अडकलेल्या घराच्या पदरात ‘तुम्हाला कळत नाही’ या शेऱ्यापलीकडे काही पडत नाही.

‘27 टक्केच अर्थसाक्षर, म्हणून उधळपट्टी’

आकडा खरा आहे. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या 2019 च्या सर्वेक्षणातला, 75 हजारांहून अधिक लोकांना विचारून काढलेला. पण तो निव्वळ ज्ञानाचा आकडा नाही. त्यात ज्ञान, वृत्ती आणि वर्तन असे तीन भाग होते आणि तिन्हींत किमान गुण मिळवणारे 27 टक्के निघाले. वर्तनाच्या भागात बिलं वेळेवर भरता का, बचत करता का, अशा गोष्टी मोजल्या जातात. म्हणजे ज्याची बिलं थकतात त्याचे गुण त्या थकण्यामुळेच कमी होतात. मग तोच आकडा पुढे करून ‘अर्थसाक्षरता नाही म्हणून बिलं थकतात’ म्हणणं हे गोल फिरणं झालं. मजुरीच उशिरा मिळते म्हणून उसनवारी करणारा माणूसही या हिशेबात निरक्षर ठरू शकतो.

‘शिकवलं की वागणं बदलतं’

इथे संशोधन भरपूर आहे आणि ते एका सुरात बोलत नाही. फर्नांडिस, लिंच आणि नेटमायर यांनी 2014 मध्ये 201 अभ्यास एकत्र तपासले. लोकांच्या आर्थिक वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 0.1 टक्का भाग आर्थिक शिक्षणाच्या उपक्रमांमुळे होता. कमी उत्पन्नाच्या गटांत परिणाम आणखी कमी, आणि बऱ्याच तासांचे अभ्यासक्रमही वीसेक महिन्यांनी निष्प्रभ. पुढे कायझर, लुसार्डी आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये फक्त यादृच्छिक प्रयोग (ज्यांत कोणाला शिकवायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं), एकूण 76, तपासले तेव्हा चित्र बरं दिसलं: ज्ञान वाढतं, वागण्यातही सुधारणा होते, पण ज्ञानाच्या मानाने कमी. म्हणजे शिक्षण वाया जात नाही. मात्र ‘प्रश्न सुटेल’ एवढं ओझं त्याला पेलत नाही.

‘गणित कळणारा फसत नाही’

प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. काहींना रोख भरायचे होते, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखीवाल्यांच्या दुपटीहून जास्त आली. बोली लावणारे कोण? एमआयटीचे एमबीएचे विद्यार्थी. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम इतका मोठा दिसत नाही, पण दिशा तीच आहे.

खरं नुकसान बिलावरच्या ‘किमान देय रक्कम’ या ओळीत आहे. समजा बाकी 50,000 रुपये, व्याज महिना 3.5 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी, किमान देय 5 टक्के. तुम्ही 2,500 भरले; उरले 47,500. त्यावर व्याज 1,662 आणि जीएसटी 299. पुढच्या बिलात बाकी 49,461. अडीच हजार भरून कर्ज उतरलं 539 रुपये. असं वर्षभर केलं तर सुमारे 28,300 रुपये भरूनही जवळपास 43,900 शिल्लक राहतात, तेही नवी खरेदी न करता. नवी खरेदी केली तर बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याज खरेदीच्या तारखेपासूनच लागतं. गणित येणाराही इथे अडकतो, कारण विलंब शुल्क लागत नाही आणि सगळं सुरळीत चाललंय असं वाटत राहतं. ऑटो-डेबिट लावताना किमान रक्कम की संपूर्ण रक्कम, असा पर्याय असतो. आपण कोणता निवडला आहे ते आजच उघडून पाहा.

‘नो-कॉस्ट ईएमआय फुकट असतो’

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. 30,000 चा फोन, 5,000 चे सहा हप्ते, बँकेचा दर वर्षाला 16 टक्के धरू. बँक कर्ज मांडते सुमारे 28,648 चं. उरलेले 1,352 हे व्याज, आणि तेवढीच सूट विक्रेता दाखवतो. पण कार्डाच्या व्याजावर जीएसटी लागतो, तो 243. प्रक्रिया शुल्क 199 असेल तर जीएसटीसह 235. एकूण 478 रुपये जास्त. रोखीने घेतल्यावर मिळाली असती ती सूट हुकली तर तीही यात धरायची. आणि हप्ते फिटेपर्यंत कार्डाची तेवढी मर्यादा अडकून राहते.

मग काय चालतं?

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग (2014) आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतो. काहींना रीतसर हिशेबलेखन शिकवलं, काहींना साधे नियम, उदाहरणार्थ धंद्याचा आणि घरचा पैसा वेगळा ठेवा. सुधारणा साध्या नियमवाल्यांत दिसली. अर्थतज्ज्ञ थेलर आणि बेनार्ट्झी यांनी अमेरिकेत आखलेल्या योजनेत कामगारांनी पुढच्या पगारवाढीतला हिस्सा आधीच बचतीला लावून दिला. 40 महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या 3.5 वरून 13.6 टक्क्यांवर गेली. कोणाला व्याख्यान द्यावं लागलं नाही. आपल्याकडे हेच करायचं तर आरडी किंवा एसआयपीची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा, महिनाअखेरीची नको. तोवर खात्यात काही उरत नाही आणि हप्ता परत जातो.

वरच्या 50,000 च्या बाकीत जो आधीच अडकला आहे त्याने 14 टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज मिळत असेल तर 12 महिन्यांसाठी घेऊन कार्डाची बाकी एकदम फेडावी. हप्ता सुमारे 4,490, एकूण व्याज 3,900 च्या आत. प्रक्रिया शुल्क वेगळं, ते आधी विचारून घ्या. यात एकच धोका वारंवार दिसतो: कार्ड रिकामं झालं की पुन्हा भरतं आणि मग दोन कर्जं होतात. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करा आणि मर्यादा कमी करून घ्या. ऑनलाइन वापर चालू-बंद करण्याची सोय ठेवणं 2020 पासून बँकांना बंधनकारक आहे, आणि तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय त्यांना मर्यादा वाढवता येत नाही.