प्रयोगासाठी आधी कॅमेराच हवा का?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाबाहेर स्वतःचे प्रयोगशील छायाचित्रण उभे करावे, हा सल्ला एका लेखात वाचला; तो योग्य आहे. मात्र त्याची सुरुवात चांगल्या कॅमेऱ्याच्या खरेदीपासून व्हावी, हे त्या लेखातले म्हणणे मला पटत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप या उन्हावर निळी छायाचित्रे उमटवण्याच्या पद्धतीला कॅमेरा लागतच नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड या रसायनांचे द्रावण मंद प्रकाशात कागदाला किंवा सुती कापडाला लावून वाळवायचे, त्यावर वस्तू मांडून ते उन्हात ठेवायचे आणि मग साध्या पाण्यात धुवायचे, की जिथे ऊन पोचले तिथे गडद निळा रंग उरतो. ऊन तर आपल्या सोलापुरात फुकट आहे, उन्हाळ्यात नको तितके!

त्याहून मोलाचा आहे तो इथला विषय. सोलापुरी चादरीची नक्षी कोणता धागा उचलायचा हे मागाला सांगणाऱ्या ज्या छिद्रांच्या जॅकार्ड पुठ्ठ्यांवरून विणली जात आली, त्यांतले टाकाऊ पुठ्ठे शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यातून मागून आणून थेट द्रावण लावलेल्या कापडावर ठेवले, तर प्रत्येक छिद्राचा निळा ठिपका उमटेल, म्हणजे चादरीवरच्या नक्षीऐवजी मागाला मिळणारी आज्ञाच छायाचित्रात येईल. अशी मालिका पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला इतक्या सहजी करता येणार नाही.

कापड आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढावी. तयार काम मात्र कपड्यांच्या साबणाने धुऊ नये, कारण त्यातल्या अल्कलीने (क्षाराने) हा निळा रंग फिका पडतो. द्रावणाचे प्रमाण आणि उन्हातला वेळ प्रत्येक तुकड्यागणिक वहीत नोंदवावा, आणि शिक्षकांनी गुण देताना ती वहीही पाहावी.